दाब दोनदा काम करतो: कोळशाचा चार, त्यातली छिद्रं आणि गॅसिफिकेशनचा वेग

गॅसिफायरचा, म्हणजे कोळशाचा वायू करणाऱ्या भट्टीचा, दाब १ बारवरून (साधारण हवेच्या दाबावरून) ३० बारवर नेला, तर कोळसा ३० पट वेगाने संपेल का? नाही. मग १० पट? बहुधा तेही नाही. तरीही मोठे गॅसिफायर दाबाखालीच चालतात. लुर्गीचा स्थिर थराचा गॅसिफायर १९३० च्या दशकापासून २० ते ३० बारच्या आसपास चालत आला आहे. शेलचा कोरड्या भुकटीचा २५ ते ४० बारवर चालतो, आणि टेक्साकोच्या पद्धतीचा, म्हणजे कोळसा-पाण्याची स्लरी पंपाने आत सोडणारा, ८० बारपर्यंत जातो.

यामागचं पहिलं कारण रासायनिक नाहीच. तयार झालेला वायू पुढे मिथेनॉलसाठी ५० ते १०० बारवर लागतो किंवा टर्बाइनला दाबाने द्यावा लागतो. गॅसिफिकेशनमध्ये वायूचं आकारमान वाढतं, त्यामुळे सगळा वायू शेवटी दाबण्यापेक्षा ऑक्सिजन आधीच दाबून आत सोडणं स्वस्त पडतं. शिवाय ३० बारवर त्याच भांड्यात ३० पट रेणू मावतात. पण एकदा दाब वाढवला की कोळशाच्या कणाचं आतून काय होतं, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर देताना बरेच जण घसरतात, कारण ‘दाबाचा परिणाम’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात.

आधी एका शब्दाबद्दल. कोळसा तापवला की पाणी, डांबर आणि उडून जाणारे वायू, ज्यांना व्होलाटाइल म्हणतात, ते निघून जातात. मागे उरतो तो काळा, सच्छिद्र, बहुतांश कार्बन असलेला अवशेष म्हणजे चार. मराठीत ‘चार’ म्हटलं की आकडा आठवतो, पण या क्षेत्रात सगळे हाच शब्द वापरतात. इथे ४ हा आकडा अंकातच लिहिला आहे, तेव्हा गोंधळ व्हायचं कारण नाही.

तर दाब पहिल्यांदा काम करतो कोळशाचा चार होताना, आणि दुसऱ्यांदा त्या चारचा वायू होताना. पहिल्या वेळी तो कणाचा आकार आणि छिद्रं ठरवतो. दुसऱ्या वेळी तो त्या छिद्रांच्या भिंतीवर क्रिया किती वेगाने चालेल ते ठरवतो. दोन्ही वेळचे नियम वेगळे आहेत, कधीकधी तर उलट दिशेचे.

पहिली वेळ: कण फुगतो

भुकटीच्या गॅसिफायरमध्ये कण सेकंदाला १,००० ते १,००,००० अंश या दराने तापतो. चिकटणाऱ्या जातीचा बिटुमिनस कोळसा साधारण ३५० ते ५०० अंश सेल्सियसच्या दरम्यान मऊ पडतो, अगदी घट्ट काकवीसारखा होतो. त्याच वेळी आतून व्होलाटाइल सुटत असतात. मऊ लगद्यात बुडबुडे धरतात, फुगतात, फुटतात. मग लगदा पुन्हा कडक होतो आणि त्या क्षणी जो आकार असेल तो कायमचा गोठतो.

आता बाहेरचा दाब वाढवा. डांबराचे जड रेणू वाफ होऊन बाहेर पडायला धडपडतात, पण बाहेरचा दाब जास्त असला की त्यांना सुटणं अवघड होतं. ते आतच रेंगाळतात. याचे दोन परिणाम होतात. एक, त्यातला काही भाग आतच तुटून कार्बन म्हणून भिंतींवर बसतो, म्हणून एकूण व्होलाटाइल कमी निघतात आणि चारचं वजन वाढतं. दोन, उरलेलं डांबर लगदा आणखी पातळ करतं, त्यामुळे बुडबुडे सहज धरतात. म्हणून दाबाबरोबर फुगणं आधी वाढतं. पण दाब फारच वाढला की तोच बुडबुड्यांना बाहेरून आवळू लागतो आणि फुगणं पुन्हा उतरतं. बऱ्याच कोळशांमध्ये हा माथा १० बारच्या आसपास दिसतो. त्यामुळे ‘जास्त दाब, जास्त फुगणं’ हे वाक्य अर्धवट आहे.

फुगण्याने किती फरक पडतो ते एका कणावर पाहू. ८० मायक्रोमीटर व्यासाचा कोळशाचा कण घ्या, घनता १.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. तापल्यावर निम्मं वजन गेलं, पण कण फुगला नाही, तर चारची घनता ०.६५ होईल. भिंतीतल्या भरीव कार्बनची घनता १.८ धरली, तर कणाचा ६४ टक्के भाग पोकळ आहे. वायूला मध्यापर्यंत पोचायला ४० मायक्रोमीटरची वाट छिद्राछिद्रांतून काढावी लागते. तोच कण दीडपट, म्हणजे १२० मायक्रोमीटरपर्यंत फुगला, तर आकारमान जवळपास ३.४ पट होतं आणि घनता ०.१९ वर येते. ८९ टक्के पोकळ. हा सगळा कार्बन एकाच पोकळ फुग्याच्या कवचात आहे असं मानलं, तर कवचाची जाडी भरते जेमतेम २ मायक्रोमीटर. आता वायूला ४० नव्हे, २ मायक्रोमीटर आत शिरायचं आहे.

म्हणूनच चारचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांचे तीन गट करतात. पातळ भिंतीचे, ७० टक्क्यांहून जास्त पोकळ फुगे हा पहिला. मधले, ४० ते ७० टक्के पोकळ, हा दुसरा. आणि ४० टक्क्यांहून कमी पोकळ असलेले भरीव कण हा तिसरा. चिकटणाऱ्या कोळशात दाबाबरोबर पहिल्या गटाचा वाटा वाढत जातो. लिग्नाइट किंवा अँथ्रासाइट या जातीचे कोळसे मुळात मऊच पडत नाहीत, त्यांच्या बाबतीत ही सगळी कथा फारशी लागू होत नाही.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. फुगण्याने वाढतात ती मोठी छिद्रं, ५० नॅनोमीटरहून मोठी, बरीचशी मायक्रोमीटरमध्ये मोजायची. पृष्ठफळ मात्र मुख्यतः २ नॅनोमीटरहून लहान छिद्रांत असतं, आणि तीच छिद्रं आत तुटलेल्या डांबराच्या कार्बनने बुजू शकतात. मोठी छिद्रं हमरस्ता आहेत, बारीक छिद्रं गल्लीबोळ. दाबाखाली हमरस्ते रुंद झाले म्हणजे गल्ल्याही वाढल्या असं समजू नये.

दुसरी वेळ: जागा भरतात

चार तयार झाल्यावर त्याच्यावर कार्बन डायऑक्साइड आणि वाफ काम करतात. दोन्ही क्रिया उष्णता खाणाऱ्या आहेत. कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडपासून कार्बन मोनॉक्साइडचे २ रेणू, यात मोलमागे सुमारे १७२ किलोज्यूल लागतात. कार्बन आणि वाफेपासून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन, यात १३१. दोन्ही संथ आहेत. ८०० अंशांवर आणि ०.१ वातावरण दाबावर कार्बन डायऑक्साइडचा वेग १ धरला, तर वाफेचा साधारण ३, हायड्रोजनचा ०.००३ आणि ऑक्सिजनचा १,००,००० च्या घरात जातो. ऑक्सिजन आपलं काम आल्याआल्या उरकून संपतो. गॅसिफायरची लांबी ठरते ती वाफ आणि कार्बन डायऑक्साइडवर.

चारच्या पृष्ठभागावर सगळीकडे क्रिया होत नाही. कार्बनच्या थरांच्या कडा, तुटलेले बंध, कॅल्शियम-पोटॅशियम चिकटलेल्या जागा, अशा ठरावीक ठिकाणीच होते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू तिथे येतो, आपला एक ऑक्सिजन तिथे टाकून कार्बन मोनॉक्साइड होऊन जातो. तो चिकटलेला ऑक्सिजन मग खालच्या कार्बनला सोबत घेऊन दुसरा कार्बन मोनॉक्साइड म्हणून सुटतो. पहिली पायरी दाबावर अवलंबून आहे: जास्त रेणू, जास्त धडका. दुसरी पायरी फक्त तापमानावर. तिकीट खिडकीपुढची रांग कितीही लांब झाली तरी आतला माणूस तिकीट फाडायचा त्याच वेगाने फाडतो, तसं.

याचं गणित लँगम्यूर-हिन्शेलवुड या नावाने ओळखलं जातं. समजण्यापुरता एक गुणक घेऊन पाहू: वेग = दाब ÷ (१ + ०.५ × दाब). १ बारवर उत्तर येतं ०.६७. १० बारवर १.६७. ३० बारवर १.८८. कमाल मर्यादा २. म्हणजे १ वरून १० बारवर जाताना वेग अडीचपट झाला, पण १० वरून ३० वर जाताना फक्त साडेबारा टक्के वाढला. जागा भरत आल्या.

आता नेहमीची चूक पाहा. प्रयोगशाळेत १ बारच्या आसपास मोजणी केली, वेग दाबाच्या ०.६७ व्या घाताच्या प्रमाणात निघाला. वरच्याच सूत्रातून १ बारला नेमका हाच घात येतो. मग तो घात स्थिर धरून ३० बारचा अंदाज केला, तर वेग ९.७ पट वाढायला हवा. प्रत्यक्षात तो वाढला २.८ पट. अंदाज साडेतीन पटीच्या आसपास फसला, आणि तो नेमका धोक्याच्या बाजूला फसला: गॅसिफायर लहान बांधला जातो आणि न संपलेला कार्बन राखेबरोबर बाहेर येतो. वातावरणीय दाबावर साधारण ०.५ ते ०.८ असणारा घात दाब वाढला की घसरतो, आणि १० ते २० बारच्या पुढे शून्याकडे झुकतो. सक्रियण ऊर्जा, म्हणजे क्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा, मात्र तीच राहते, कारण बदल भरलेल्या जागांच्या संख्येत झालेला असतो, क्रियेच्या जातीत नाही.

कार्बन मोनॉक्साइड या चित्रात आणखी बिघाड करतो. तो पहिली पायरी उलटी फिरवतो, चिकटलेला ऑक्सिजन उचलून परत कार्बन डायऑक्साइड होतो. सूत्रात तो खाली, छेदात येतो. वरच्याच उदाहरणात छेदात ५ × कार्बन मोनॉक्साइडचा दाब एवढी भर घाला. ३० बारच्या मिश्रणात १० टक्के कार्बन मोनॉक्साइड असेल, तर त्याचा दाब ३ बार, कार्बन डायऑक्साइडचा २७. उत्तर येतं ०.९२. शुद्ध वायूत १.८८ होतं, म्हणजे निम्म्याहून कमी. वाफेच्या बाबतीत हेच काम हायड्रोजन करतो. आणि वाफ व कार्बन डायऑक्साइड एकत्र असतील, तर त्यांचे वेग सरळ बेरीज करून चालत नाही. उच्च दाबावर जागा भरलेल्या असल्याने दोघं त्याच जागांसाठी भांडतात आणि एकत्रित वेग बेरजेपेक्षा कमी निघतो.

समतोलाचंही भान ठेवावं. १ रेणूचे २ होत असल्याने दाब कार्बन मोनॉक्साइडच्या विरोधात जातो. ९०० अंशांवर कार्बनच्या सान्निध्यात १ बारला समतोलात सुमारे ९७ टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो, ३० बारला सुमारे ६४ टक्के. म्हणून दाबाखाली गॅसिफायर अधिक गरम चालवावा लागतो. मिथेन मात्र दाबाने वाढतो. लुर्गीच्या वायूत तो १० टक्क्यांच्या आसपास असतो, तो काहीसा यामुळेच.

छिद्रांतली वाटचाल

तापमान वाढलं की क्रिया इतकी वेगवान होते की वायू आत शिरेपर्यंत वरच्यावरच संपतो. मग वेग ठरवते ती छिद्रांतली वाटचाल, आणि मोजलेली सक्रियण ऊर्जा निम्म्यावर येते. दाबाचा इथला परिणाम मला सगळ्यात रंजक वाटतो, आणि तोच सगळ्यात कमी समजावला जातो.

वायूचा रेणू दोन टकरींदरम्यान सरासरी किती अंतर जातो ते पाहा. १,००० अंशांवर आणि १ बारला कार्बन डायऑक्साइडसाठी ते २०० नॅनोमीटरच्या आसपास आहे. ३० बारला ते ६-७ नॅनोमीटरवर येतं. छिद्र या अंतराहून अरुंद असेल तर रेणू एकमेकांवर कमी आणि भिंतीवर जास्त आपटतात. रेणूंच्या अशा पसरत आत जाण्याला विसरण म्हणतात, आणि या भिंतीवर आपटत जाणाऱ्या प्रकाराला क्नुडसेन विसरण. त्याचा गुणांक, म्हणजे पसरण्याच्या वेगाचं माप, दाबावर अवलंबून नसतो. छिद्र रुंद असेल तर रेणू एकमेकांना आडवे येतात, आणि तिथे विसरणाचा गुणांक दाबाच्या व्यस्त प्रमाणात घटतो.

याचा हिशेब असा बसतो. रुंद छिद्रात दाब ३० पट केला की रेणू ३० पट दाट होतात, पण विसरण ३० पट मंद होतं. गुणाकार तोच. आत जाणारा माल वाढत नाही. अरुंद छिद्रात रेणू ३० पट दाट, विसरण तसंच, म्हणजे आत जाणारा माल ३० पट. आणि भिंतीवरची मागणी तर जागा भरल्यामुळे जेमतेम २.८ पट वाढली आहे. म्हणून बारीक छिद्रांत दाबाने वायू जास्त खोलवर पोचतो, मोठ्या छिद्रांत मात्र अडथळा थोडा वाढतो. १ बारला अरुंद ठरणारं १०० नॅनोमीटरचं छिद्र ३० बारला रुंद ठरतं, हेही विसरू नये. छिद्र तेच राहतं, पण त्याची जात दाब बदलतो.

छिद्रं स्वतःही स्थिर नसतात. सुरुवातीला बंद छिद्रं उघडतात, उघडी रुंदावतात, पृष्ठफळ वाढतं. पुढे शेजारच्या छिद्रांमधल्या भिंती संपून ती एकमेकांत मिसळतात आणि पृष्ठफळ घटतं. भाटिया आणि पर्लमटर यांच्या १९८० च्या यादृच्छिक छिद्र प्रारूपात, मूळ वजनी कार्बनच्या हिशेबाने पृष्ठफळाचा माथा जास्तीत जास्त ३९ टक्के कार्बन संपेपर्यंतच येऊ शकतो, त्याच्या पुढे नाही. म्हणून वेगवेगळ्या दाबांवरच्या चारच्या छिद्रांची तुलना करताना ‘दोघांना ३० मिनिटं ठेवलं’ ही तुलना निरर्थक आहे. दोघांचा ३० टक्के कार्बन संपल्यावर थांबवा, मग छिद्रं मोजा. नाहीतर दाबाचा परिणाम म्हणून जे दिसतं तो फक्त संपलेल्या कार्बनचा परिणाम असतो.

मोजणीत काय बिघडतं

पृष्ठफळ मोजायला नायट्रोजन ७७ केल्विनला वापरला, तर इतक्या थंडीत तो सर्वात बारीक छिद्रांत शिरायला फार वेळ घेतो आणि आकडा फसवा, लहान येतो. त्यासाठी कार्बन डायऑक्साइड २७३ केल्विनला वापरावा. मोठ्या छिद्रांसाठी पारा दाबून भरतात. ४०० मेगापास्कलला तो साधारण ३-४ नॅनोमीटरपर्यंत शिरतो. पण पातळ भिंतीचे फुगे त्या दाबाखाली चिरडतात आणि चिरडणं छिद्र भरल्यासारखंच दिसतं. पहिल्या गटाचा चार असेल, तर पाऱ्याच्या उच्च दाबाच्या टोकावर विश्वास ठेवू नये.

वेग मोजायला दाबाखालचा थर्मोग्रॅव्हिमीटर वापरतात, म्हणजे तापवता येणारा बंद तराजू. त्यात दोन सापळे आहेत.

पहिला तरंगण्याचा. ३० बार आणि ९०० अंशांवर कार्बन डायऑक्साइडची घनता घन सेंटिमीटरला १३.५ मिलिग्रॅम असते, नायट्रोजनची ८.६. पलड्याचं आणि नमुन्याचं मिळून आकारमान अर्धा घन सेंटिमीटर असेल, तर नायट्रोजन बदलून कार्बन डायऑक्साइड सोडताच वजन जवळपास २.५ मिलिग्रॅमने घटल्यासारखं दिसतं. नमुना १० मिलिग्रॅमचा. एकही कार्बन अणू न जाता पाव नमुना ‘गेला’! म्हणून त्याच दाबाला, त्याच क्रमाने, क्रिया न करणारी तेवढ्याच आकारमानाची भुकटी ठेवून कोरी फेरी घ्यावीच लागते.

दुसरा सापळा वायू बदलायला लागणाऱ्या वेळेचा. यंत्राची आतली पोकळी ३०० मिलिलिटर आणि प्रवाह मिनिटाला १ लिटर, वातावरणीय मापाने. १ बारला पोकळी ३ वेळा धुवायला, म्हणजे ९५ टक्के बदल व्हायला, ५४ सेकंद लागतात. ३० बारला पोकळीत ९ लिटर वायू कोंबलेला असतो. तेवढाच बदल व्हायला २७ मिनिटं. गरम भागात वायू विरळ असल्याने खरा वेळ काहीसा कमी, पण तरी इतका की चपळ चारचा मोठा हिस्सा वायू बदलेपर्यंत संपलेला असतो. अशा वेळी क्रिया जवळपास थांबलेली असते अशा तापमानाला वायू आधी भरून घ्यावा आणि मग झटकन तापवावं. नाहीतर इतकं कमी तापमान निवडावं की पूर्ण क्रियेला काही तास लागतील.

याशिवाय नमुना ५-१० मिलिग्रॅम, कण १०० मायक्रोमीटरच्या आत, आणि थर पातळ ठेवावा. जाड थरात आतला कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि मघाच्या हिशेबाप्रमाणे वेग निम्म्यावर येऊ शकतो. नमुना अर्धा करून, कण बारीक करून, प्रवाह दुप्पट करून तोच वेग मिळाला, तरच तो क्रियेचा खरा वेग समजावा. आणि चार किती वेळ गरम ठेवला याची नोंद हवी. जास्त वेळ तापत राहिला की कार्बनचे थर नीट रचले जातात आणि तो आळसावतो.

पण सगळ्यात महत्त्वाची शिस्त आखणीत आहे. १ बारला केलेला चार १ आणि ३० बारला तपासा, ३० बारला केलेला चारही १ आणि ३० बारला तपासा. हे चारही—म्हणजे ४ ही—आकडे हाती आले, तरच कणाच्या घडणीचा परिणाम आणि क्रियेच्या दाबाचा परिणाम वेगळे काढता येतात. १ बारला केलेला चार ३० बारला तपासून गॅसिफायरचं भाकीत करणं म्हणजे भरीव कण मोजून फुग्यांचा अंदाज बांधणं.

मग ३० ऐवजी ६० बार केले तर? मघाच्या सूत्रात वेग १.८८ वरून १.९४ होतो, ३ टक्के फायदा. माल तेवढाच सोडला तर कणाला आत मिळणारा वेळ मात्र दुप्पट होतो, कारण दाबलेला वायू निम्म्या वेगाने सरकतो. म्हणजे फायदा वेळेचा आहे, क्रियेचा नाही. त्याची किंमत अशी की भांड्याची भिंत जवळपास दुप्पट जाड करावी लागते. आणि कोरडी भुकटी ज्या बंद कोठ्यांतून पाळीपाळीने आत सोडतात, त्या दर वेळी भरायला लागणारा वायूही किलो कोळशामागे दुप्पट होतो. कोरड्या भुकटीचे गॅसिफायर ४० बारच्या आसपास थांबतात आणि पंपाने स्लरी ढकलणारे ८० पर्यंत जातात, ते चारच्या रसायनामुळे नाही, या कोठ्यांमुळे.